बगळोबांची बाजू

बगळोबांचं खरं नाव ऑफिसात फक्त पगारपत्रकाला ठाऊक होतं. ते आर्किटेक्ट बाईंकडे घरांचे नकाशे काढायचे. त्यांचा कॉम्प्युटर ‘इग्रेट’ कंपनीचा होता आणि त्याच्या झाकणावर एका पायावर उभा राहिलेला चंदेरी बगळा होता. पुढे तोच बगळा त्यांच्या पाण्याच्या बाटलीवर, छत्रीच्या मुठीवर आणि जेवणाच्या डब्यावर येऊन उभा राहिला. मग लोकांनी तरी दुसरं काय म्हणावं?

ऑफिसात नऊ कॉम्प्युटर होते आणि नवाच्या नऊ ‘झेनकॉर’चे. काळे, जाडजूड, बिजागऱ्या दारासारख्या. बगळोबा त्यांना हात लावत नसत. स्वतःचं इग्रेट मऊ पिशवीत घालून, पिशवी छातीशी धरून ते रोज घेऊन यायचे आणि रोज परत न्यायचे. शेजारच्या टेबलावरच्या पोरीने एकदा सहज विचारलं, “झेनकॉरमध्ये वाईट काय आहे?” त्यावर बगळोबांनी चहा निवेपर्यंत उत्तर दिलं. त्याचा सारांश असा, की झेनकॉर हे मशीनच नव्हे, तो एक नाइलाज आहे. लोक ते घेतात कारण त्यांना डोळे नसतात.

आपला तो बाब्या आणि दुसऱ्याचं ते कार्टं, ही म्हण आपण नातवंडांबद्दल वापरतो. बगळोबांनी ती एका कंपनीला लावली होती. इग्रेटने मशीनच्या कडेची भोकं सहावरून तीनवर आणली तेव्हा बगळोबा म्हणाले, बरं झालं, धूळ जायची. तीनावरून एकावर आणली तेव्हा म्हणाले, माणसाने एका वेळी एकच काम करावं हेच त्यांना शिकवायचं आहे. त्या एका भोकात चार्जर लावला की माऊस लागत नसे आणि माऊस लावला की चार्जर. बगळोबा दुपारपर्यंत माऊसने काम करीत आणि दुपारनंतर बॅटरीची प्रार्थना.

मग एका उन्हाळ्यात त्यांची एक कळ रुसली. नेमका तिच्यावर ‘ळ’ होता. बगळोबांनी तक्रार केली नाही. त्यांनी ‘ळ’शिवाय जगायचं ठरवलं. त्यांच्या नकाशांवर ‘तलमजला’ आणि ‘तलघर’ दिसू लागलं, आणि एका गिऱ्हाइकाला पत्र गेलं, ‘कालजी करू नका, काम वेलेवर होईल.’

आर्किटेक्ट बाईंनी त्यांना बोलावलं. “तलमजला म्हणजे काय हो?”

“तळमजलाच, बाई. कळ गेलीय.”

“मग बदलून घ्या.”

“एक कळ बदलत नाहीत. अख्खा वरचा भाग बदलतात. त्याला चार महिने लागतात.”

“आणि तोपर्यंत?”

“तोपर्यंत ‘ल’ आहे की,” बगळोबा समजुतीच्या सुरात म्हणाले. बाईंनी नकाशा घेतला आणि पेनाने स्वतः ‘ळ’ काढत बसल्या. माणूस रेषेला पक्का होता, म्हणून नोकरी टिकली.

पण बगळोबांचं खरं कर्तृत्व ऑफिसात नव्हतं, ते ‘थव्या’त होतं. थवा म्हणजे इग्रेट वापरणाऱ्यांची इंटरनेटवरची चावडी. कुणाचं मशीन अडलं की तो तिथे प्रश्न टाकायचा आणि बगळोबा उत्तर द्यायचे. कंपनीने त्यांना हे काम दिलेलं नव्हतं. कंपनीला ते कोण हेही माहीत नव्हतं. तरी सहा वर्षांत त्यांनी चार हजारांवर उत्तरं दिली, आणि एके दिवशी त्यांच्या नावापुढे आपोआप दोन सोनेरी पंख उमटले: ‘सोनपंखी सदस्य’. त्या दिवशी त्यांनी घरी पेढ्यांचा पुडा आणला होता. बायकोने विचारलं, “बढती मिळाली?” ते म्हणाले, “त्याहून मोठं आहे.” बायकोने एक पेढा खाल्ला आणि कामाला लागली.

बायकोचं काम म्हणजे औषधांच्या खोक्यात घडी घालून ठेवलेली, मुंगीएवढ्या अक्षरांची पत्रकं. ती त्यांचं भाषांतर करायची. किती घ्यावं, केव्हा घेऊ नये, घेतल्यावर काय काय बिघडू शकतं. घरबसल्या, खिडकीजवळच्या टेबलावर. तिच्यासाठीही इग्रेटच होतं, बगळोबांनी वापरून झालेलं. घरात दुसरं काही येणं म्हणजे देवघरात चपला.

असं सगळं सुरळीत चाललं असताना एका रविवारी मेहुणा जेवायला आला. मेहुणा गोड माणूस, पण त्याच्या पोटात काही राहत नसे, जेवणाखेरीज. जेवून हात पुसता पुसता तो बहिणीला म्हणाला, “ताई, तुझं मशीन ठीक चाललंय ना? बॅटरी बदलायची झाली तर सांग, माझ्या ओळखीचा आहे.”

“इग्रेटची बॅटरी बाहेर बदलत नाहीत,” बगळोबांनी प्रेमाने सांगितलं.

“इग्रेट नाही हो भाऊजी, ते झेनकॉर. मीच नव्हतं का आणून दिलं, दोन वर्षं झा...”

ताईने भाताचं भांडं जरा जोरात ठेवलं. मेहुण्याने वाक्य तिथेच सोडलं, पण बाण सुटला होता.

“कुठलं झेनकॉर?” बगळोबांनी विचारलं.

मेहुण्याला एकाएकी आठवलं की त्याला कुठेतरी जायचं आहे. तो गेल्यावर बायको उठली, आतल्या खोलीत गेली आणि खिडकीखालच्या शिलाई मशीनचं झाकण तिने दोन्ही हातांनी उचललं. खाली शिलाई मशीन नव्हतं. ते तिने धाकट्या बहिणीला केव्हाच देऊन टाकलं होतं. खाली काळं, जाडजूड झेनकॉर होतं, आणि त्याच्या शेजारी तिचा चष्मा.

बगळोबा रोज सकाळी त्या झाकणावर इस्त्रीचे शर्ट ठेवत आले होते. दोन वर्षं.

“हे माझ्या घरात...” ते म्हणाले.

“आपल्या,” बायको म्हणाली.

“मला फसवलंस.”

“फसवलं नाही. सांगितलं नाही, एवढंच. तुम्ही ऑफिसला गेलात की काढायचे, तुम्ही यायच्या आत ठेवायचे.”

दुसऱ्या एखाद्या नवऱ्याला हे शब्द ऐकून वेगळाच घोर लागला असता. बगळोबांना त्यापेक्षा हे जड गेलं. ते खुर्चीत बसले. त्यांनी विचारलं, “का पण? इग्रेटने तुझं काय घोडं मारलं होतं?”

मग तिने सांगितलं. आवाज न चढवता, पत्रक वाचून दाखवावं तसं. दोन वर्षांपूर्वी हृदयाच्या एका औषधाचं मोठं काम तिच्याकडे होतं, एकोणीस दिवसांचं. विसाव्या दिवशी सकाळी तिने मशीनचं झाकण उघडलं तर फाइलमध्ये फक्त पहिल्या दिवसाची दीड पानं. बाकी सगळं साफ. ती धावत त्यांच्याकडे आली होती. तेव्हा ते दाढी करत होते.

“आठवतं तुम्ही काय म्हणालात?”

त्यांना आठवत नव्हतं.

“‘मशीन चुकत नाही, हात चुकतो.’ आरशात बघतच म्हणालात. वळलासुद्धा नाहीत.”

“पण तसं होऊच शकत नाही. तू चुकून जुनी फाइल...”

“तेव्हाही हेच म्हणाला होतात.” तिने शिलाई मशीनचं झाकण परत ठेवलं नाही, भिंतीला टेकवून उभं केलं. “काम गेलं त्याचं मला वाईट नाही वाटलं. रडतरडत का होईना, पुन्हा पहिल्यापासून केलं. पण बाजू घ्यायची वेळ आली तेव्हा तुम्ही कंपनीची घेतलीत. मग म्हटलं, तिची बाजू घ्यायला तुम्ही आहात. माझी मीच घेते.”

त्या दिवसापासून झेनकॉर उजळ माथ्याने खिडकीजवळच्या टेबलावर बसलं. बगळोबांनी अबोला धरला. त्यांचा अबोला म्हणजे दर अर्ध्या तासाने एक उसासा. बायकोला कामाची घाई होती, तिने उसासे मोजले नाहीत.

तीन दिवस असे गेल्यावर बगळोबांनी पुरुषासारखं वागायचं ठरवलं, म्हणजे आपलंच खरं होतं हे पुराव्याने सिद्ध करायचं ठरवलं. आता माळ्यावर गेलेलं बायकोचं जुनं इग्रेट त्यांनी खाली काढलं. कुठलंही मशीन आपण काय काय केलं याची आतल्या आत नोंद ठेवतं. ती त्यांनी शोधून काढली आणि कंपनीला एक अदबशीर पत्र लिहिलं: अमुक दिवशी अमुक फाइल गेली, वापरणाऱ्याची चूक नेमकी कोणती, ते कृपया कळवावं. खाली सही केली ‘सोनपंखी सदस्य’. दुसऱ्याच दिवशी उत्तर आलं. इतकं तत्पर, इतकं गोड, की पहिल्यांदा वाचताना त्यांना बरंच वाटलं.

उत्तरात लिहिलं होतं की आपण दाखवलेल्या जिव्हाळ्याबद्दल आभार. झाकण मिटून मशीन झोपी गेलं की क्वचित उठताना ते फाइलची जुनी प्रत नव्या प्रतीवर लिहून टाकत असे. कंपनीला ही गोष्ट माहीत होती. गेल्या वर्षीच्या सुधारणेत ती दुरुस्त केली आहे. आपलं समाधान झालं असेल अशी आशा.

गेल्या वर्षीची ती सुधारणा बगळोबांना चांगली आठवत होती. तिच्या माहितीपत्रात एवढंच होतं: ‘किरकोळ फेरफार’. आणि थव्यावर सगळ्यात आधी अभिनंदन करणारे बगळोबाच होते. त्यांनी लिहिलं होतं, ‘इतकं निर्दोष मशीन, तरी ही कंपनी थांबत नाही.’

मग त्यांच्या मनात एक शंका आली, आणि ती त्या पत्रापेक्षा वाईट होती. त्यांनी थव्यावरची स्वतःची जुनी उत्तरं चाळायला घेतली. ऑफिसला सुट्टी टाकली, जेवण टेबलावरच निवलं. संध्याकाळपर्यंत त्यांना अकरा माणसं सापडली. अकराजणांनी वेगवेगळ्या दिवशी, वेगवेगळ्या शब्दांत एकच लिहिलं होतं: सकाळी झाकण उघडलं आणि सगळं गेलेलं. एकाचा प्रबंध. एका नाटकमंडळीची संहिता. एकाने तर नुसतं लिहिलं होतं, ‘कुणी आहे का?’ आणि अकराही ठिकाणी खाली तेच उत्तर होतं, सोनेरी पंखांसकट. मशीन चुकत नाही, हात चुकतो. एका ठिकाणी वर एक हसरा चेहराही जोडला होता.

बायको चहा घेऊन आली तेव्हा ते पडद्याकडे बघत बसले होते.

“चूक तुझी नव्हती,” ते म्हणाले.

“मला माहीत होतं.”

“कंपनीने कळवलं.”

“मला कंपनीने कळवायची गरज नव्हती.” तिने कप ठेवला. पडद्यावर वाकून तिने एकदोन उत्तरं वाचली. “इतक्या लोकांना सांगितलंत?”

“अकरा. तू बारावी.”

“मी पहिली असेन,” ती तारखा बघत म्हणाली. “माझ्यावर रियाज झाला, मग बाहेर कार्यक्रम.”

बगळोबांनी मान खाली घातली. तिने त्यांच्या खांद्यावर हात वगैरे काही ठेवला नाही. “चहा घ्या, निवतोय,” म्हणाली आणि आपल्या टेबलाकडे गेली. पण त्या दिवशी जेवताना तिने त्यांना कोशिंबीर दुसऱ्यांदा वाढली, आणि हे बगळोबांच्या लक्षात आलं. दोन वर्षं शिलाई मशीन नाही हे ज्यांच्या लक्षात आलं नव्हतं, त्यांच्या मानाने ही प्रगतीच म्हणायची.

दुसऱ्या दिवशी त्यांनी थव्यावर लिहिलं. सगळं लिहिलं: कंपनीचं पत्र, अकराजणांच्या तक्रारी, आपली उत्तरं, आपली चूक. त्यांना वाटलं होतं लोक हळहळतील. तासाभरात थवा त्यांच्यावर तुटून पडला. ‘झेनकॉरने पेरलेला माणूस.’ ‘सोनपंखी कसला, घरभेदी.’ ज्याला त्यांनी स्वतः हाताला धरून पहिला धडा शिकवला होता, त्याने लिहिलं, ‘काकांना मशीन झेपत नसेल तर पाटी-पेन्सिल घ्यावी.’ सगळ्यात लांबलचक शिवी एका शिक्षकाने दिली, शुद्धलेखनाच्या एकाही चुकीशिवाय. बगळोबा वाचत गेले. यातलं प्रत्येक वाक्य त्यांच्या ओळखीचं होतं; कधी ना कधी त्यांनीच ते कुणाला तरी ऐकवलेलं होतं. दुपारी मजकूर काढून टाकण्यात आला आणि त्यांचे पंखही. सहा वर्षं कमावलेले पंख जायला किती वेळ लागला? बगळोबा चहाच्या सुट्टीला गेले आणि परत येईपर्यंत पंख नव्हते.

शेजारच्या टेबलावरच्या पोरीने विचारलं, “बगळोबा, बरं नाही का?”

“पिसं झडतायत,” ते म्हणाले. ती हसली. त्यांनाही थोडं हसू आलं, आणि त्यांचं त्यांनाच नवल वाटलं.

मग त्यांनी अकराजणांना एकेक वेगळं पत्र लिहिलं. फार मोठं नाही. तुमची चूक नव्हती, मी न बघता तसं म्हणालो, माफ करा, आणि खाली स्वतःचं खरं नाव आणि फोन नंबर. पाच पत्रं पत्ता बंद म्हणून परत आली. चौघांनी उत्तर दिलं नाही. प्रबंधवाल्याने एका ओळीत कळवलं की प्रबंध त्याने सोडला, आता बेकरी चालवतो आणि सुखात आहे. अकराव्या माणसाचा फोन आला. माणूस नव्हे, एक म्हातारी बाई होती.

“तुम्ही ते हात चुकतो म्हणणारे?”

“हो,” बगळोबा म्हणाले. “चूक माझी...”

“ते वाचलं मी. उशीर केलात. बरं, तुम्हाला प्रिंटर लावता येतो का?”

ती निवृत्त नर्स होती. शहराच्या दुसऱ्या टोकाला, तिसऱ्या मजल्यावर एकटी राहायची. बगळोबा रविवारी गेले. खोली लहान, खाटेची चादर इस्पितळासारखी कोपरे दुमडून घट्ट बसवलेली. टेबलावर झेनकॉर. बगळोबांनी क्षणभर हात मागे घेतला, मग मांडी घालून जमिनीवर बसले आणि प्रिंटरची वायर काढली. दहा मिनिटांचं काम होतं. त्यांना पस्तीस मिनिटं लागली, कारण झेनकॉरमध्ये काय कुठे असतं हे त्यांना ठाऊक नव्हतं आणि विचारायची लाज वाटत होती. शेवटी बाईंनीच दाखवलं.

“तुमचं काय गेलं होतं तेव्हा?” उठताना त्यांनी विचारलं.

“चाळीस वर्षं,” नर्सबाई म्हणाल्या. “इस्पितळातल्या आठवणी लिहीत होते. बाळंतपणाच्या वॉर्डातल्या. दोनशे पानं झाली होती.”

“परत लिहिल्या नाहीत?”

“सुरू केल्या होत्या. जमेना. काही गोष्टी लिहिता लिहिता आठवतात, मग दुसऱ्यांदा लिहायला बसलं की येत नाहीत. आणि आता बोटं दुखतात.”

खरं तर काम झालं होतं, बस अर्ध्या तासाने होती. बगळोबांनी घड्याळाकडे पाहिलं, पायातला एक मोजा सारखा केला, आणि मग खुर्ची ओढून त्या काळ्या मशीनसमोर बसले.

“तुम्ही सांगा,” ते म्हणाले. “मी टंकतो.”

बाई खिडकीजवळ जाऊन बसल्या आणि सांगू लागल्या. एका रात्री वीज गेली असताना मेणबत्तीच्या उजेडात झालेल्या जुळ्यांची गोष्ट. दुसरं बाळ रडतच नव्हतं. डॉक्टर म्हणाले, सोडा आता. या मात्र त्याला घासत राहिल्या, टॉवेलने, उलट्या हाताने, तोंडाने वाईटसाईट शिव्या देत. आणि मग ते बाळ असं रडलं की मेणबत्ती धरणारी पोरगीच घाबरून बेशुद्ध पडली.

बगळोबा टंकत होते. बस चुकली. लिहून झाल्यावर त्यांनी पहिलं पान छापून बाईंच्या हातात दिलं. बाईंनी चष्मा लावून वाचलं आणि कपाळाला आठी घातली.

“शिव्या कुठायत?”

“मी लिहिलंय की. ‘त्या अपशब्द उच्चारत होत्या.’”

“मी अपशब्द उच्चारत नव्हते. मी शिव्या देत होते. काय दिल्या ते सांगितलंय तुम्हाला.”

“ते असं लिहायचं?”

“त्यानेच ते पोर जगलं,” बाई म्हणाल्या. “लिहा.”

बगळोबांचे कान लाल झाले, पण त्यांनी सगळ्या शिव्या लिहिल्या, एकूण सात. एका शिवीचं शुद्धलेखन त्यांना येईना. बाईंनी अक्षर अक्षर करून सांगितलं. फाइल त्यांनी तीन ठिकाणी ठेवली आणि वर कागदावरही काढून दिली.

घरी पोचले तेव्हा बायको पत्रकाच्या शेवटच्या पानावर होती. तिने मान वर न करता विचारलं, “लागला का प्रिंटर?”

“लागला. तू जुळ्यांची गोष्ट ऐकशील?”

तिने चष्मा काढून टेबलावर ठेवला आणि शेजारची खुर्ची पायाने त्यांच्याकडे सरकवली.